पितळेच्या पुंगळ्या आणि बाबांचा कान

पुलगावच्या बाजारात आमच्या घराचा पत्ता विचारला की समोरचा आधी विचारायचा, "ते पुंगळीवाले का?" लहानपणी मला या नावाची भारी लाज वाटायची. मैत्रिणींचे वडील मास्तर, कारकून, कुणाचे लष्कराच्या दारूगोळ्याच्या डेपोत कामाला, आणि माझे वडील काय, तर पुंगळीवाले! बंदुकीची गोळी झाडल्यावर मागे पितळेची रिकामी नळी उरते, ती पुंगळी. लष्कराच्या सरावात अशा पुंगळ्यांचे ढीग पडतात. ते भंगार म्हणून हर्रासात, म्हणजे लिलावात निघतात, मोठे व्यापारी लॉटच्या लॉट उचलतात आणि मग आपल्या आवारात आमच्यासारख्या छोट्यांसाठी पुन्हा बोली लावतात. पहिला हर्रास आता संगणकावर होतो. दुसरा अजून तोंडीच चालतो, आणि बाबा या दुसऱ्या हर्रासातले जुने गिऱ्हाईक.

घेतलेला बराचसा माल ओतारी लोकांकडे जायचा. त्याच्या घंट्या, समया, नळाच्या तोट्या व्हायच्या. पण त्यातल्या निवडक पुंगळ्या बाबा बाजूला काढायचे. नागपूरकडे नेमबाजीचा एक क्लब आहे आणि त्यांच्याकडे पुंगळ्या पुन्हा भरण्याचा सरकारी परवाना आहे. रोजच्या सरावाला नवी काडतुसं परवडत नाहीत, म्हणून ते लोक या पुंगळ्या न्यायचे, त्यात दारू आणि गोळी भरायचे आणि शाळा-कॉलेजातल्या पोरंपोरी त्यावर हात बसवायची. निवड चोख लागायची. पुंगळीला केसाएवढी चीर असली आणि तीच पुन्हा भरली, तर झाडताना आतला जाळ मागे येऊ शकतो. मागे नेम धरणाऱ्याचा डोळा असतो.

ही निवड बाबा कानाने करायचे. पुलगावला लागूनच असलेल्या नाचणगावच्या आमच्या घराच्या ओसरीत, आतल्या खोलीच्या दाराला लागूनच, एक शहाबादी फरशी मांडलेली होती. दोन बोटांत पुंगळी धरायची आणि वीतभर वरून फरशीवर सोडायची. धड असेल तर टणकन वाजते आणि आवाज जरा रेंगाळतो. चिरलेली बद्द वाजते. टण, टण, टण, बद्द. मी परीक्षेचा अभ्यास याच तालावर केला आणि म्हणूनच गणितात कायम मागे राहिले, असं मी बाबांना चिडवायची. ते म्हणायचे, "फुटकी पुंगळी मले कळते, तुहं डोकं काय नाई कळनार?"

हर्रासात तर बाबांचा रुबाब बघण्यासारखा असे. व्यापाऱ्याने पोती उघडली की बाकीचे लोक मालाकडे बघायचेच नाहीत, बाबांकडे बघायचे. बाबा मूठभर पुंगळ्या घेणार, खिशातून फरशीचा तुकडा काढणार, एकेक वाजवणार. त्यांच्या भुवया जरा वर गेल्या की बोली चढायची. बाबांनी तोंड पुसलं की लॉट पडून राहायचा. बाबांनाही हे माहीत होतं आणि चांगला माल असला की ते मुद्दाम जांभई द्यायचे. घरी येऊन आईला ती जांभई करून दाखवायचे. आई म्हणायची, "एक दिवस खरी जांभई येईन न् लॉट जाईन हातचा."

आईचं काम पुंगळ्या पुसायचं. क्लबवाल्यांना माल स्वच्छ लागायचा. माझ्या मामांच्या शेतातला कापूस घरात असायचाच. आई बाबांच्या बाजूला पाय पसरून बसायची, कापसाचा बोळा घ्यायची आणि निवडलेल्या ढिगातली एकेक पुंगळी पुसून पोत्यात टाकायची. मध्येच त्याच कापसाच्या वाती वळायची. दोघांचा हा संसार मी जन्मल्यापासून बघत आले.

माझं लग्न झालं, वर्ध्याला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली. दर रविवारी मी पॅसेंजरने पुलगावला जायची. बाबांना कमी ऐकू येतंय हे माझ्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी सगळा दोष मला दिला. "लायब्ररीत बसून बसून तुहा आवाज गेला. तोंडातल्या तोंडात काऊन बोलतं?" टीव्ही मोठा लावला की दोष टीव्हीचा, फोन कळला नाही की दोष कंपनीचा. कानाच्या डॉक्टरकडे चला म्हटलं तर दोन दिवस अबोला. वयाने कान जातात, त्यात लाजण्यासारखं काय आहे, असं मी तावातावाने आईला म्हणाले. आई म्हणाली, "जाऊ दे न. मी हाय न बाजूले." ती बोलताना नेहमी त्यांच्या समोर येऊन, त्यांच्या हाताला हात लावून बोलायची. मला तो तिचा लाडिकपणा वाटायचा.

निवड मात्र चाललेलीच होती, आणि क्लबकडून कधी एकही तक्रार आली नव्हती. क्लबचे सर फोनवर सांगायचे, असा माल दुसरीकडे मिळत नाही. तेव्हा मीही मनाची समजूत घातली, की माणसाचं बोलणं ऐकू येत नसेल, पण पितळेचा आवाज कानात मुरलेला असेल. अशा समजुती घालायला फार डोकं लागत नाही.

गेल्या वर्षी आईच्या हृदयाने दगा दिला. सेवाग्रामच्या दवाखान्यात तिला ठेवलं होतं. बाबा खाली चहा प्यायला गेलेले बघून तिनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, दागिने, नाहीतर देवाचं काही राहिलं असेल. ती म्हणाली, "तुह्या बाबाले पुंगळीचा आवाज येत नाई. लय दिवसाचा नाई येत."

मी म्हटलं, मग क्लबचा माल?

"मीच निवडतो न."

मग तिनं मला सांगितलं. एक दिवस पुंगळी बद्द वाजली, तिनं ऐकली, आणि बाबांनी ती खुशाल चांगल्या ढिगात टाकली. मग दुसरी. तिसरीला ती बोलणार होती, पण बाबा इतक्या ऐटीत बसले होते, की तिच्या तोंडून शब्द निघाला नाही. त्यांच्यादेखत पुन्हा वाजवून बघायची सोय नव्हती. पुसता पुसता तिला दिसलं, की चिरलेल्या पुंगळीच्या तोंडाशी कापसाचा तंतू अडकतो. धड पुंगळीवरून कापूस गुळगुळीत फिरतो. चीर डोळ्याला दिसणार नाही इतकी बारीक असली तरी कापूस तिला धरतो. तेव्हापासून पुसायच्या निमित्ताने ती एकेक पुंगळी कापसाने तपासत होती आणि फुटकी निघाली की पदराआडून भंगाराच्या टोपल्यात सोडत होती. बाबांच्या शेजारी बसून, दिवसाउजेडी.

"सांगजो नोको त्यायले," आई म्हणाली. "त्यायच्याजवळ तेवढंच हाय. मी बरी होऊन येतो तवर रविवारी तूच पुसत जाजो. त्या पोरायचे डोये हायेत, बाई. घाई नोको करू."

मला राग आला. तिचा, बाबांचा, सगळ्यांचाच. इतकी वर्षं एका म्हाताऱ्याची ऐट सांभाळायला हा उपद्व्याप! पण त्या रविवारी मी कापूस घेऊन बसले. पहिला तंतू अडकला. ती पुंगळी बाबांनी चांगली म्हणून टाकलेली होती. ढिगात तशा कितीतरी निघाल्या. बाबा शेजारी बसून मान डोलावत टण टण करत होते. मी पुंगळी पदराआड सरकवली. मला पदर नव्हता, ओढणी होती, पण चाललं. "तुले आईसारखं नाई पुसता येत," बाबा म्हणाले. "ते कशी झरझर पुसते."

आई घरी आली, पण बरी झाली नाही. आतल्या खोलीत खाटेवर पडून असायची. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, की तिच्याजवळ सतत कुणीतरी असावं. बाबा तिच्याजवळच असत. ओसरीत दाराला लागून फरशीशी बसायचे, त्यांची पाठ दाराच्या चौकटीला. हाक मारली तर दोन पावलांवर. मी वर्ध्याहून फोन केला की शेजारीण सांगायची, तुझे बाबा दारातून हलत नाहीत बरं. मी आईचा शब्द पाळत होते, म्हणून मी काहीच बोलले नाही. बाईची व्यवस्था केली होती, ती सकाळी येऊन जायची. दुपारी बाबा असतात, असं आम्ही सगळे म्हणायचो.

आई दुपारीच गेली. बाबा चार वाजता चहा विचारायला आत गेले तेव्हा त्यांना कळलं. मी पोचले तोवर बायका जमल्या होत्या आणि आईला खाली घेतलं होतं. बाबा प्रत्येकाला एकच सांगत होते. "मी तिथंच दारात बसलो होतो. एक हाक नाई मारली तिनं. साधी कन्हली बी नाई. झोपीतच गेली." बायका डोळ्याला पदर लावून म्हणत होत्या, पुण्यवान बाई, असं मरण कुणाला येतं. माझा भाऊ पुण्याहून दुसऱ्या दिवशी आला, त्यालाही बाबांनी तेच सांगितलं. तो माझ्या गळ्यात पडून रडला आणि म्हणाला, निदान त्रास तरी नाही झाला तिला.

खाटेखाली पाण्याचा गडू आडवा पडलेला होता आणि फरशीवर पाणी भिंतीपर्यंत गेलं होतं. मी गडू उचलून ठेवला आणि पाणी पुसून घेतलं. मांजर असेल, असं शेजारीण म्हणाली. मी हो म्हटलं.

आई झोपेत गेली असेल. खरंच गेली असेल, नाही असं मला कुठे माहीत आहे? पण त्या घरात त्या दुपारी तिचं ऐकायला एकच कान होता, आणि तो कान कसा होता हे फक्त मला ठाऊक होतं. भावाला मी सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. रात्रंदिवस मनात तेच. ती मला सांगून गेली होती, की बाबांना कळू देऊ नको, कारण त्यांचा मान जाईल. मान गेला असता तर मी एकवेळ चालवून घेतलं असतं. आता मात्र त्यांना कान गेल्याचं कळलं असतं, तर त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न त्यांच्या डोक्यात आल्याशिवाय राहिला नसता, आणि तो त्यांच्या डोक्यात येऊ नये यासाठी मी काहीही करायला तयार होते. आईचा राग येण्याचा हक्कही माझ्याकडे उरला नव्हता, कारण मीही तेच करत होते, तिच्यापेक्षा जास्त जीव तोडून.

रविवार तर रविवार, मधल्या सुट्ट्याही मी नाचणगावला घालवू लागले. कापूस घेऊन बसायची. बाबांच्या हाताला हात लावून, समोर येऊन बोलायला शिकले. शेजारणीला सांगून ठेवलं, की त्यांच्याशी मागून बोलू नका, दचकतात. झाकली मूठ सव्वा लाखाची. बाबा मला म्हणाले, "आई गेल्यापासून तू लय मायाळू झाली." ऐकून मला पळून जावंसं वाटलं.

पावसाळा संपल्यावर हर्रासाचा निरोप आला. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला. मी म्हटलं, या वेळी राहू द्या. ते ऐकणार नव्हते. मी सोबत गेले.

व्यापाऱ्याच्या आवारात पत्र्याखाली पोती उघडून ठेवली होती. दहाबारा जण होते, सगळे ओळखीचे. आई गेली म्हणून प्रत्येक जण येऊन बाबांच्या खांद्यावर हात ठेवून गेला. मग बाबांनी फरशीचा तुकडा काढला. सगळे गप्प झाले. त्यांनी मूठभर पुंगळ्या वाजवल्या, आणि मी उभ्या जागी ऐकलं, त्यातल्या कितीतरी बद्द वाजल्या. सगळ्यांनी ऐकलं. बाबांनी सावकाश जांभई दिली.

कुणी कुणाकडे बघेना. चांगल्या मालाची ही जांभई त्या सगळ्यांना पाठ होती.

बोली सुरू झाली. एकदोघांनी रीत म्हणून आकडा बोलला. बाबांनी त्यावर चढवला. बाकीचे थांबले. व्यापाऱ्याने बाबांचाच आकडा पुकारला, एक वार, आणि बाबांनी हात वर करून आणखी चढवला. व्यापारी म्हणाला, "भाऊ, तुमचीच बोली हाय." बाबा त्याच्या तोंडाकडे न बघता पोत्यांकडे बघत होते. त्यांनी पुन्हा चढवला. मागे कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच थांबलं. मी बाबांचा हात धरला. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, मग एकेका माणसाकडे. माणसं चपलांकडे बघत होती. व्यापारी भला माणूस. त्यानं घाईघाईने सांगून टाकलं, "झालं, झालं, पहिल्या बोलीवरच लॉट तुमचा." पण हे त्याने बाबांना सांगण्याऐवजी मला सांगितलं, मोठ्यानं, हातवारे करून.

घरी आल्यावर बाबा सदरा अंगावर तसाच ठेवून फरशीशी बसले. भंगाराच्या टोपल्यातून एक पुंगळी घेतली, पोत्यातून एक धड घेतली आणि दोन्ही माझ्या हातात दिल्या. "मी तिकडं तोंड करतो. तू एकेक सोड. फुटकी कोनती, मी सांगतो."

ते भिंतीकडे तोंड करून बसले. मी ठरवलं, ते जे म्हणतील ते बरोबर म्हणून सांगायचं. मी पहिली सोडली. टण. थोडं थांबून दुसरी सोडली. बद्द. बाबा भिंतीकडे बघत बसून राहिले. खूप वेळ गेला.

"सोड न," ते म्हणाले.

मी पुढे झाले आणि त्यांच्या खांद्याला हात लावला. ते वळले, फरशीवर पडलेल्या दोन्ही पुंगळ्या त्यांनी बघितल्या. एक उचलून तिच्या तोंडावरून बोट फिरवलं. मग कोपऱ्यातल्या कापसाच्या डब्याकडे त्यांचं लक्ष गेलं आणि तिथेच राहिलं. मला काही सांगावं लागलं नाही. इतक्या वर्षांचा निवडीचा माणूस तो, दुसऱ्याची निवड त्याला कळणारच. "मनून पुसे ते," ते म्हणाले. "मी मने, एवढं काय पुसतं, काय देवायले वाहाच्या हायेत का?" आणि ते हसले. खरोखर हसले. "लबाड. माह्या बाजूले बसून." डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते हसत होते. मलाही रडू आलं, बरंही वाटलं. वाटलं, एवढ्यावर निभावलं. कान गेले तर गेले, माणूस हसतोय.

मग त्यांचं हसणं थांबलं. ते बसले होते तिथूनच त्यांनी मागे हात नेऊन दाराची चौकट चाचपली. आतल्या खोलीकडे वळून बघितलं.

"मी इथंच होतो," ते म्हणाले. "मीच सांगतलं न सगळ्यायले, हाक नाई मारली मनून."

मी फरशीवरच्या पुंगळ्या गोळा करू लागले.

"तिनं मारली असन तर?"

"नाई बाबा," मी म्हटलं.

"काय?" त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "काय मनून राह्यली तू? जोरानं सांग."

"नाई मारली! डॉक्टरनं सांगतलं मले!" डॉक्टरने मला असलं काही सांगितलं नव्हतं.

"जोरानं, बाई. मले आयकू नाई येत."

हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कबूल केलं. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि जीव खाऊन ओरडले. शेजारीण काय झालं म्हणून कुंपणापाशी धावत आली. बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं आणि आणखी एकदा, आणखी एकदा असं ते मानेनं सांगत होते, आणि मी ओरडत होते, की आई झोपेतच गेली, तिनं हाक मारली नाही.